ऊबदार टोक

"तेलाचा बॉयलर तेल ढोसतो, आई. गॅसचा स्वस्त पडतो, आणि धूर नाही की राख नाही. कोळशाचा तर..." गीहो मध्येच गप्प झाला.

"बोल की! जीभ का चावलीस?" म्हातारी ओकबुन खेकसली.

खाणीच्या त्यांच्या गावात पूर्वी घरोघरी कोळशाचेच बॉयलर होते. त्यांचा गरम धूर जमिनीखालून फिरून खोली तापवायचा. बॉयलरकडचं टोक सगळ्यात गरम, म्हणून ती जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची, नाहीतर पाहुण्यांची. लग्नानंतर गीहोची बहीण मिरान पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा ओकबुननं आपलं अंथरूण तिथून उचललं.

"आई, तुला खोकला आहे, तूच झोप तिथे," मिरान म्हणाली.

"गप गं, पाहुणी आहेस तू!" म्हणत ओकबुननं लेकीला दटावून तिथे झोपवलं.

जमिनीला चीर गेली होती ती नेमकी त्याच टोकाला, आणि रात्रभर तिच्यातून कोळशाचा विषारी धूर झिरपत राहिला. सकाळी ओकबुननं शेजारणींनी उतारा म्हणून सांगितलं तसं मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी लेकीच्या तोंडात ओतलं. ते ओठांवरून ओघळून उशीत मुरलं; मिरान उठलीच नाही.

तेव्हापासून ओकबुन दाराजवळच्या गारठ्यात झोपत आली होती.

आठवड्याभरात गॅसचा बॉयलर बसला आणि एका संध्याकाळी सुरू झाला. गीहोनं खोलीच्या मधोमध अंथरूण घातलं. म्हातारीनं ते दाराशी ओढत नेलं आणि जमिनीवर हात टेकला. हात चटकन मागे आला.

"इथेसुद्धा गरम?"

"आता सगळीकडे सारखंच असतं, आई."

"बंद कर ते," ओकबुन म्हणाली.