भिंतीवरून उतरवलेली चित्रं

आमच्या घरातला पहिला इंजिनीअर म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणायचे. आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. अप्पा कलेक्टर कचेरीत हेड क्लार्क होते. आमचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती आमची मराठी. ‘काय करतोयस’ असं आम्ही म्हणत नसू, ‘काय करूलालास’ म्हणत असू, आणि निम्मे शब्द तमिळ. ही लिहायची मराठी मी लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले. अण्णाला ती कधीच आली नाही.

साठ सालानंतर तो उत्तरेकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात नोकरीला लागला. शिकवायचं आणि संशोधन करायचं. संशोधनाचा विषय भूकंप. रुळांवर एक गाडा असायचा, त्यावर विटांची लहान लहान घरं बांधायची आणि गाड्याला धक्का द्यायचा. कुठली भिंत आधी फुटते, कुठला कोपरा सुटतो, हे बघायचं. सुट्टीत घरी आला की तो हे सगळं रंगवून सांगायचा. अप्पा कचेरीतल्या मित्रांना म्हणायचे, “आमचा मुलगा दिवसभर घरं पाडतो आणि सरकार त्याला त्याचा पगार देतं.” त्यांना त्याचा फार अभिमान होता. अम्माला मात्र हे काम नीट कळलं नाही. पाडायच्या आधी ती विटांची घरं पुरती वाळू तरी देतात का, एवढंच तिनं एकदा विचारलं होतं.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. आम्हाला ती बातमी तमिळ पेपरातून कळली. अण्णाच्या कॉलेजातून काही माणसं पाहणीला गेली, त्यांत तोही होता. त्याला मराठी येते म्हणून त्याला मुद्दाम घेतलं होतं. पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, तो थेट तिकडूनच घरी आला.

तो स्टेशनवरून चालत आला. अंगावर धुळीनं माखलेला कोट, दाढी वाढलेली. अम्मानं आंघोळीचं पाणी काढलं, जेवायला वाढलं. तो जेवला, पण मान वर करून आढ्याकडे बघत जेवला. झोपायला आत येईना. तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, चटई टाकून पडला. जानेवारीतलं दव पडत होतं. अम्मानं कांबळं नेऊन दिलं, ते त्यानं घेतलं, पण आत आला नाही.

पोंगल झाल्यावर एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते, तेव्हा तो स्टुलावर उभा होता. अप्पांच्या पलंगाच्या वर, भिंतीवर, बाळकृष्णाचं मोठं चित्र होतं. फणसाच्या लाकडाची जाड चौकट, आत सोन्याचा वर्ख आणि खडे, वर काच. उचलायला दोन माणसं लागायची. तो एकट्यानंच ते उतरवत होता. मी पिशवी टाकून धावले आणि खालून धरलं. ते आम्ही जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं. मग त्यानं राम-पट्टाभिषेकाचं चित्र उतरवलं, लंबकाचं घड्याळ उतरवलं, आणि शिडी लावून माळ्यावर चढला. माळ्यावर अम्माच्या लग्नातले पितळी हंडे होते. एकेक करून त्यानं ते सगळे मधल्या चौकात आणून ठेवले.

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “देवाची चित्रं आहेत ती,” ती म्हणाली.

“खाली ठेवतोय, अम्मा. टाकत नाहीये.”

अप्पा पूजा आटोपून आले. त्यांनी बोडक्या भिंतींकडे पाहिलं. खिळ्यांच्या जागी चुन्यात भोकं दिसत होती.

“तंजावूरला कधी भूकंप झालाय?” त्यांनी विचारलं.

“माझ्या माहितीत नाही.”

“होणार आहे?”

“बहुधा नाही.”

“मग हे काय आहे?”

अण्णा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. “अप्पा, तुम्ही त्या चित्राखाली झोपता,” तो म्हणाला. “मला बघवत नाही.”

कचेरीला जाताना अप्पांनी नेहमीसारखी छत्री घेतली नाही. विसरले.

त्या संध्याकाळी अण्णानं मला सांगितलं. आम्ही मागच्या विहिरीजवळ होतो. मी कपडे पिळत होते आणि तो काठावर बसला होता.

खेड्यातली दगडमातीची घरं कशी बसली, हे त्यानं थोडक्यातच सांगितलं. ते त्याच्या अभ्यासातलं होतं. ती घरं बसणार, हे त्याला आधीपासून माहीत होतं. पण एका गावात एक नवं घर होतं. विटा-सिमेंटचं, पक्कं. तिथे एका दवाखान्यातला कंपाउंडर राहायचा.

“त्यानं मला हाताला धरून आत नेलं,” अण्णा म्हणाला. “भिंती बघा म्हणाला, छप्पर बघा. खरंच एक तडा नव्हता. आमच्या सरांनी बाहेरून मापं घेतली, घर चांगलं आहे म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले. तो मात्र मला सोडेना. सारखं विचारत होता, साहेब, घर उभं आहे ना? मग ती कशी गेली?”

“ती कोण?”

“बायको. घरात जागा पुरत नव्हती, म्हणून त्यानंच भिंतीत फळ्या ठोकून माळा केला होता. वर लोखंडी ट्रंक आणि तांदळाची पोती. ती त्याच्याखाली झोपली होती.”

मी हातातलं लुगडं पिळायची थांबले.

“माझी मराठी ऐकून तो आधी हसला होता,” अण्णा म्हणाला. “आमच्या पणजोबांसारखं बोलता म्हणाला. कुठले तुम्ही? तंजावूर म्हटल्यावर त्याला खरंच वाटेना. बऱ्याच दिवसांनी हसला असेल तो. आणि मग त्यानं ते विचारलं, तेव्हा मी काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणालो, फळ्या भिंतीला लोखंडानं आवळायला हव्या होत्या, आणि ट्रंक दोरानं बांधायला हवी होती. वर्गात सांगतात तसं सांगितलं. तो माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याला हे सांगितलं.”

“त्यानं विचारलं म्हणून तू सांगितलंस.”

“त्यानं फळ्यांचं विचारलं नव्हतं,” अण्णा म्हणाला.

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्यानं सरांना विचारलं होतं की त्या घराची नोंद कशी करायची. सर वाईट नव्हते. ते म्हणाले, आपला विषय इमारत आहे. पाया, भिंती, छप्पर. लोक आत काय ठेवतात आणि कुठे ठेवतात, ते आपण कसं मोजणार? त्यामुळे ते घर चांगल्या घरांमध्ये गेलं. सरांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे, असंही अण्णा म्हणाला. त्याला त्रास त्याचाच होत होता.

त्याच्यासाठी पापनाशमचं एक स्थळ आलं होतं. आमच्यातलेच लोक, मुलीचे वडील वकील. तो घरी आहे तोवर बघून जावं म्हणून ते आणि मुलीचे मामा आले. अप्पांनी आदल्या दिवशी सांगून पाहिलं की चित्रं तेवढी लावू या. अण्णा नाही म्हणाला नाही, पण लावलीही नाहीत. पाहुणे आले तेव्हा बाळकृष्ण जमिनीवर होता आणि चौकात हंडे मांडून ठेवलेले. मामांना वाटलं घराला रंग द्यायचा आहे. ते छताला टांगलेल्या काचेच्या हंडीखाली खुर्ची ओढून बसले.

अण्णा उठला. “मामा, जरा इकडे सरकून बसता?”

“का? इथे वारा बरा आहे.”

“वर हंडी आहे.”

मामांनी वर पाहिलं आणि हसून सरकले. वकिलांनी त्याच्या कामाविषयी विचारलं. दुसऱ्या कुणी गाड्याची आणि विटांच्या घरांची गोष्ट सांगितली असती. अण्णानं कंपाउंडरच्या बायकोची सांगितली. आवाज न चढवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ट्रंक कुठे लागली तेही सांगितलं. मी कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होते. आत जावं की नाही, कळेना. ते लोक कॉफी पिऊन गेले. त्यांचा निरोप आला नाही. नंतर देवळात कुणीतरी अम्माला विचारलं की मुलाची तब्येत कशी आहे, तेव्हा आम्हाला कळलं की गावात काय बोललं जातंय.

त्या दिवशी अप्पा कचेरीतून आले, कपडे न बदलता स्टूल घेतलं आणि बाळकृष्णाचं चित्र लावायला निघाले. पन्नाशी उलटलेला माणूस, स्टुलावर चढला. अण्णा आला. मला वाटलं आता भांडण होईल. त्यानं स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी धरले.

“लोकांना मी काय सांगू?” अप्पा वरून म्हणाले.

“सांगा काहीही,” अण्णा म्हणाला. “पण दोन खिळे मारा. आणि खालून फळीचा टेकू देऊ या.”

मी आणि अण्णानं चित्र उचलून दिलं. अप्पांनी दोन खिळे मारले. टेकूची फळी अण्णानं स्वतः तासून बसवली. हंडे मात्र अम्मानं परत माळ्यावर चढवू दिले नाहीत. ती म्हणाली, राहू देत खालीच, घासायला बरे पडतात.

तो कॉलेजात परत गेला. तिथे त्यानं गाड्यावरच्या घरांच्या आत लहान फळ्या बसवल्या, त्यांवर लोखंडाचे ठोकळे ठेवले. भिंतीला तडा जायच्या कितीतरी आधी ठोकळे पडायचे. सरांनी थोडे दिवस चालू दिलं. मग धरणांचं आणि उंच इमारतींचं काम आलं, गाडा रिकामा मिळेना, आणि त्यांनी त्याला हे बंद करायला सांगितलं. त्यानं बंद केलं.

उन्हाळ्यात तो स्वतःच्या रजेत त्या गावाला जाऊन आला. कंपाउंडर बदली घेऊन कुठेतरी गेला होता, शेजाऱ्यांना पत्ता माहीत नव्हता. घरात दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. माळा तोच होता आणि त्यावर त्यांच्या ट्रंका. अण्णानं घरातल्या बाईंना सांगितलं की मी दोर आणलाय, बांधून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. अनोळखी माणूस, विचित्र मराठी बोलणारा, हातात दोर. बाईंनी दार लावून घेतलं. यात त्यांचं काय चुकलं, असं तो मला म्हणाला.

त्यानंतर त्यानं नोकरी सोडली. कुणी काढलं नाही. तो घरी आला आणि काही महिने नुसता बसून होता. सकाळी आंघोळ करून तिण्णैवर बसायचा, जेवायला बोलावलं की यायचा. अम्मा त्याच्यासमोर रडत नसे, विहिरीवर जाऊन रडे. शेवटी अप्पांच्या एका मित्राच्या ओळखीनं त्याला कालव्यांच्या कामावर जागा मिळाली. इतकं शिकून त्यानं काय करायचं, तर पाण्याच्या दारांची देखभाल. त्यानं ती जागा मुकाट्यानं घेतली. त्याच वर्षी माझं लग्न झालं.

पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा त्यानं मला सायकलवर मागे बसवून पापनाशमच्या बाजूला त्याचं काम दाखवायला नेलं. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, दोन्हीकडे भाताची लावणी चालली होती. लोखंडी दाराच्या चक्राला त्यानं ग्रीस लावलं, दोनदा फिरवून पाहिलं. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. तो तिशीतलाच होता.

“परत तिकडे जावंसं वाटत नाही?” मी विचारलं.

“नाही. माझ्या जागी आलाय तो हुशार आहे म्हणतात.”

“तुझं ते काम?”

त्यानं हात फडक्याला पुसले. “कुणीतरी करेल कधीतरी,” तो म्हणाला. “घर पडत नाही तिथेही माणसं मरतात, हे कुणालातरी परत दिसेलच.” मग म्हणाला, “भूक लागली.”

आम्ही काठावरच्या पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली डबा उघडला. अम्मानं चिंचेचा भात आणि तळलेले पापड, आमचे अप्पळम, दिले होते. तो मान खाली घालून, एकदाही वर न बघता जेवत राहिला, माझ्या वाटणीचंही थोडं त्यानं घेतलं. घरी आल्यावर अम्मानं मला बाजूला नेऊन विचारलं, काय बोलला, कसा आहे. तो पोटभर जेवला, एवढंच मी तिला सांगितलं.