चौथ्या गाण्याचा ड्रम

अहेरीत रेडिओ-टेप दुरुस्त करणारा राजदीप उंदिरवाडे महाहट्टी. कव्हर पाहून मत बिघडतं म्हणून नव्या कॅसेटचं कव्हर न् लेबल आधी फाडायचा, मग एकेका गाण्याबद्दल वहीत लिहायचा. लिहिलेलं कधी खोडलं नाही.

अठ्ठ्याण्णवात त्याच्या लाडक्या ‘वणवा’ या रॉक बँडची नवी कॅसेट आली. ‘पहिलं गाणं झकास. दुसऱ्यात गिटार बरी, गाणारा झोपला. तिसरं उगाच लांबवलं. चौथं, भीतीवरचं, साफ खोटं. मानसाचं काळीज ड्रमवानी असं धडधडते काय?’

त्याच आठवड्यात एटापल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी बस थांबवली. नक्षलवाद्यांची गाणी तेव्हा कॅसेटवरून गावोगाव फिरायची, त्यामुळे राजदीपच्या पिशवीत बिनलेबलची कॅसेट दिसताच एका जवानाने त्याला खाली उतरवलं.

"कोनाची गाणी हायेत?"

"बँडची, साहेब." राजदीप कसंबसं म्हणाला.

जवानाने कॅसेट राजदीपच्याच पिशवीतल्या, दुरुस्तीला आलेल्या टेपमध्ये घातली. नेमकं चौथं गाणं लागलं. बंदूक हातात धरून, राजदीपवरची नजर न हलवता त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "जा."

दुकानात येताच राजदीपने वही उघडली. चौथ्या गाण्याचं मत खोडून त्याने लिहिलं, ‘ड्रम कमी पडला.’