सातची पॅसेंजर

मुळेकाका पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नसत. बिरलानगर स्टेशनवर मी भिंडच्या पॅसेंजरमध्ये चढले, त्यांच्या शेजारी बसले, आणि जुनी ओळख असल्यासारखं त्यांनी विचारलं, "बेटा, तुझा गॅस किती वाजता पेटतो?"

"साडेचारला."

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. गाडी तेव्हा ग्वाल्हेरहून सहा वीसला सुटायची.

काका गोहदला एका कचेरीत बाबू होते, मी तिथल्या शाळेत शिक्षिका. डब्यातले आम्ही सगळेच रोजचे अप-डाउनवाले. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटावी म्हणून काका वर्षानुवर्षं अर्ज करत होते. "टाइमटेबल साहेबाच्या टेबलावर नाही, आपल्या किचनमध्ये बनलं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो आणि मुकाट्यानं सही करायचो.

आणि एके दिवशी गाडी खरंच सातला सुटू लागली. काकांनी डबाभर तिळगुळाची गजक वाटली. इतके दिवस मी निघायची तेव्हा माझी मुलगी झोपलेली असायची. आता तिच्या दोन वेण्या घालून निघता येऊ लागलं. त्या चाळीस मिनिटांनी मला माझी मुलगी परत दिली, असंच मला वाटायचं.

महिनाभरानं काका स्वतःच्या औषधासाठी ग्वाल्हेरच्या सरकारी दवाखान्यात गेले. परचीची, म्हणजे केसपेपरची, खिडकी नुकतीच बंद झाली होती. पायरीवर एक म्हातारी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "भैया, रेल अब देर से आती है," ती म्हणाली. "हम पहुँचे, तब तक खिड़की बंद."

आमचीच गाडी भिंडहून उलटी फिरून येते. तिकडे उशिरा पोचली की इकडेही उशिराच येणार. "एवढी वही भरली मी," दुसऱ्या दिवशी काका सांगत होते. "पण भिंडच्या बाजूला एकालाही पूछलं नाही गं."

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते भिंडची गाडी यायच्या वेळी फलाटावर जाऊन उभे राहायचे. ती दोघं पुन्हा कधीच दिसली नाहीत.

मग काकांनी नवा अर्ज लिहिला. गाडी पुन्हा सहा वीसला करा. ज्यांनी गजक खाल्ली होती त्यांनी तोंडं फिरवली. माझ्यासमोर कागद आला तेव्हा मी म्हटलं, "काका, मुलीचं कोण करणार?"

ते चिडले नाहीत. "बरोबर आहे बेटा," एवढंच म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

त्याच थंडीत काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी तो अर्ज माझ्या हातात ठेवला. एक नंबरला त्यांची सही होती. दोन नंबरला त्यांनी पेन्सिलनं माझं नाव लिहून ठेवलं होतं आणि पुढची जागा मोकळी सोडली होती. मला तिथं बसवेना. रडत रडतच सही केली.

आता तो कागद मी डब्यात फिरवते. गाडी अजून सातलाच सुटते. काल नव्यानं लागलेल्या एका नर्सबाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, "दीदी, माझी मुलं छोटी आहेत. त्यांचं कोण करणार?"

"बरोबर आहे बेटा," मी म्हटलं आणि घडी घातली.