शिंकेच्या शेजारी

स्वाइन फ्लूच्या साथीचे दिवस होते. पनवेल स्टँडवरून उरणला निघालेल्या आमच्या एसटीत कुणी मास्क लावला होता, कुणी रुमाल बांधला होता. माझ्या पुढच्या सीटवर एक आगरी बाई होती. तिने पदर नाकावरून घट्ट गुंडाळला होता, पण बोलताना ती तो खाली ओढायची. आणि बोलणं काही थांबत नव्हतं.

वाटेत एका कॉलेजच्या मुलीला लागोपाठ शिंका आल्या. तिच्या शेजारचे गृहस्थ ताडकन उठून दाराशी गेले.

"कंडक्टर, हिला आधी उतरवा!" ते ओरडले. मागून आणखी दोघांनी त्यांची री ओढली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे गेला. मुलगी रडकुंडीला आली.

तेवढ्यात ती बाई उठली आणि सरळ त्या मुलीशेजारी जाऊन बसली.

"मधीच उतरून पोर जाईल कुठं?" पदर खाली ओढून तिने सगळ्यांना विचारलं. "तोंड झाकाया सांगलंय, तोंड फिरवाया नाय!"

कंडक्टरने दोरी सोडली. बाईने आपला रुमाल मुलीच्या हातात कोंबला. "नाक धर. आन घरी गेल्याव पयले डाक्टरला दाखव."

जासईला मुलगी उतरली. बाई तिला खिडकीतून हात हलवत राहिली. मग माझ्या पुढच्या आपल्या सीटवर परत येऊन, माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काय सांगू दादा, भ्यानं माजे पाय लटलट कापत व्हते."

"मग तिच्याजवळ बसलात कशाला?"

"उभी रायले असते तर पडले नसते काय?"