इनासकाकांचा जुना कान

इनासकाका माझ्या दुकानात पाऊल टाकायच्या आधी बाहेरचा बोर्ड मोठ्यानं वाचायचे. "सर्व प्रकारची कॉम्प्युटर दुरुस्ती!" आणि खदाखदा हसायचे. समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्यालाही सोडायचे नाहीत. "मशीन घरी ने बाबा. जेवढं चालतंय तेवढं चालू दे. ह्यानं हात लावला की संपलं." मागल्या वर्षी गेले बिचारे. हे 'बिचारे' त्यांच्या कानावर गेलं असतं तर माझी धडगत नव्हती.

अर्थात कानावर जाणं अवघडच होतं. पाचूबंदरच्या या माणसाचा सगळा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी गेला आणि इंजिनानं दोन्ही कान नेले. पण त्याचा संकोच म्हणून नाही. प्रश्न विचारायचे, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे आणि वर त्या उत्तराबद्दल समोरच्यालाच झापायचे. "झालं काम? नाय ना? मला म्हाईत होतं." इतका उर्मट म्हातारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मुलानं परदेशातून पाठवलेलं नवं श्रवणयंत्र त्यांनी घरात खिळ्याला टांगून ठेवलं होतं. "कावळा, रिक्षा, भांडी, समदं एकदम कानात वततं. मानसाचं बोलनं तेवढं सोडून." सगळा जीव जुन्या यंत्रावर. ते आता कमी पडत होतं, नव्यानं जुळवायला हवं होतं, आणि नेमका जुळवून देणारा दवाखाना बंद झाला होता. तिथल्या भंगारातून काका जुळवणीची डबी, तिची वायर आणि प्रोग्रामची सीडी उचलून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर आदळून म्हणाले, "म्हातारीचं अर्धं अंग गेलंय. नुसती पुटपुटते. आवाज रोज बसत चाललाय. तो जायच्या आदी मला ऐकायचाय. करतोस, का बोर्ड उतरवतोस?"

डबीचा प्लग जुना, रुंद. आजच्या लॅपटॉपला तसं तोंडच नसतं. मी कन्व्हर्टर आणला. प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेना, म्हणून लॅपटॉपमध्ये जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एम्युलेटर टाकला. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, डबी सापडत नाही. कन्व्हर्टर जाऊन बसला होता सातव्या पोर्टवर आणि प्रोग्रामला पहिले दोनच ठाऊक. तो नंबर बदलला, वायर बदलली, नेटवर जगभरच्या शहाण्यांची भांडणं वाचली. डबी सापडत नाही. आणि काका रोज येऊन बोर्ड वाचत होते!

शेवटी एकदा डबीवरचा दिवा लुकलुकताना दिसला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबी उत्तर देत होती. प्रोग्राम प्रश्न विचारून ठरावीक आकडे मोजेपर्यंत थांबायचा, पण नव्या लॅपटॉपवर ते आकडे इतके भरभर मोजून व्हायचे की उत्तर यायच्या आत तो 'नाही' म्हणून मोकळा. मी एम्युलेटरचा वेग पार खाली आणला. डबी सापडली.

काकांना हे कागदावर लिहून समजावलं. त्यांनी वाचलं आणि नाक मुरडलं. "म्हंजे विचारायचं आनि थांबायचं नाय. कुना गाढवानं बनवलंय हे?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. या माणसाला लाज कशी ती नव्हतीच.

यंत्र काकींच्या आवाजावरच जुळवायचं होतं, म्हणून सामान घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकी उताण्या पडलेल्या. काका खाटेला लागून बसले, कानात यंत्र, त्याची वायर उंबऱ्याशी स्टुलावर ठेवलेल्या डबीत. काकींचे ओठ हलले. मला नुसती कुजबुज ऐकू आली, शब्द एकही कळला नाही.

"आमेन!" काका गरजले. मग मला म्हणाले, "दिसभर रोजरीची माळ म्हनते. मी आपला आमेन म्हनतो. तिलाबी बरं वाटतं."

मी लॅपटॉपवर बारीक आवाजाची पट्टी चढवली. ओठ हलले. आमेन. आणखी चढवली. पुन्हा आमेन. मग आणखी थोडी चढवली आणि कुजबुज झाली, पण आमेन आला नाही. मेला वाटतं प्रोग्राम, म्हणून मी वर पाहिलं.

काका पुढे वाकले होते. "परत बोल," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही न बोलता थांबले. काकी पुटपुटल्या. काकांनी दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली घातले आणि त्यांना हळूच कुशीवर वळवलं. पाठीला झगा घामानं चिकटलेला होता, खाली कातडी लाल झाली होती.

"पाठ जलते म्हनते. कुशीवर कर म्हनते," काका म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "कवापासून म्हनत आसंल. आनि मी आमेन म्हनत बसलो."

माझं बोट अजून पट्टीवरच होतं.

"बघत काय बसलास, गाढवा?" ते माझ्यावर खेकसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "ती उशी दे हिकडं. तिच्या पाठीला लावायची."