आईंना माहेरी नेणारी बोट: सपाट बुडाची की टोकदार?

आमच्या ओटीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे आईंचं माहेर दिसतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. नारळांची रांग, मागे चार कौलारू घरं, देवळाचा कळस. पूर्वी होडीने वीसेक मिनिटांत जाता यायचं. मग दोन्ही काठांवर बाइक आल्या, होडीवाल्याला माणसं मिळेनात आणि होडी बंद पडली. आता रस्त्याने जायचं म्हणजे आगरदांड्याला जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर चढायचं, दिघीला उतरायचं आणि पुढे हाडं खिळखिळी करणारा रस्ता. गेल्या वर्षी आई वाडीत घसरल्या, मणक्याला चीर गेली आणि डॉक्टरांनी गाडीचे धक्के बंद केले.

पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ आहे, अण्णामामा. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. फोनवर त्यांचं बोलणं कुणालाच समजत नाही. समोर बसून तोंडाकडे बघितलं तरच समजतं, तेही फक्त आईंना. वर्षभर या दोघांची गाठ नाही. आई रोज संध्याकाळी ओटीवर येऊन पलीकडे बघायच्या आणि दिवा लावायला आत जायच्या. मला ते बघवत नसे.

शेवटी माझा नवरा, प्रमोद, म्हणाला, "आपण आपली बोट घेऊ."

प्रमोद पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालाय. साधी कढई घ्यायची तरी तो तिच्या बुडावर अर्धा तास बोलतो, इथे तर खरोखरच बुडाचा प्रश्न होता. लाकडी होडीची दरवर्षी डागडुजी आली. फायबरची बोट आम्हा साठीच्या दोघांना किनाऱ्यावर ओढवणार नाही. म्हणून हलकी, अ‍ॅल्युमिनियमची, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन लावायची बोट. इथवर आमचं एकमत होतं. फोन करकरून दोन जुन्या बोटींचा पत्ता लागला, एक टोकदार बुडाची थळला, एक सपाट बुडाची बागमांडल्याला. फेब्रुवारीतले दोन मोकळे दिवस काढले आणि शेजारच्या वहिनींना आईंकडे लक्ष ठेवायला सांगून निघालो.

पहिला दिवस: थळ

मुरूडहून काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, अलिबाग. रस्ता नेहमीसारखा, म्हणजे कुठे लोण्यासारखा तर कुठे देवाच्या भरवशावर. शनिवार-रविवारी या वाटेला जाऊच नका, पुण्या-मुंबईच्या गाड्यांमागे जन्म जातो. सकाळी सातला निघालात तर अलिबागला आरामात नाश्ता होतो. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. अलिबागच्या एका दुकानात नवी बोटही पाहिली, बूड पुढे टोकदार आणि मागे सपाट, म्हणजे दोन्हींचा सुवर्णमध्य. पण ती मागवल्यावर पावसाळ्यानंतर मिळणार होती. तोवर आईंना काय सांगायचं?

थळच्या बोटीचे मालक रमाकांत आणि त्यांची बायको हौसा. हौशी लोकांना गळाने मासेमारी करायला नेण्यासाठी त्यांनी बोट घेतली होती, आता मोठी घेतायत. हिचं बूड इंग्रजी व्हीसारखं, मधे खोल.

"लाटंला फाडत जाते बगा," रमाकांत म्हणाले. "वारा असू दे न्हायतर नसू दे."

खरंच तसं होतं. किनाऱ्यापासून बरंच आत गेलो, समोरून लाटा येत होत्या आणि बोट मऊपणे वरखाली होत होती. अंगावर थेंब नाही. प्रमोदचा चेहरा लग्नाच्या दिवशीही इतका खुलला नव्हता.

गडबड झाली ती परतल्यावर. उतरण्यासाठी मी कडेला पाय ठेवला आणि बोट माझ्याच बाजूला कलली. हौसाताईंनी दंड धरला नसता तर मी साडीसकट पाण्यात गेले असते.

"म्हाताऱ्या मान्साचं काम न्हाय हे," त्या स्पष्ट बोलल्या. "आनि व्हटीला पानी उतरून चिखलात बसली की एका कुशीवर पडते."

"अगं, विकायची हाय ना आपल्याला?" रमाकांत कळवळले.

"म्हनून काय कुनाची आई पाडायची व्हय?"

मला बाई फार आवडली. त्यांनी जेवूनच जायला लावलं. भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि वर सोलकढी. परतीच्या वाटेवर प्रमोद धक्का बांधण्याच्या, कठडा लावण्याच्या योजना सांगत राहिला. आमच्या काठाला ओहोटीला गुडघाभर चिखल असतो, तिथे तो धक्का कशावर उभा करणार होता कोण जाणे.

दुसरा दिवस: बागमांडला

आगरदांड्याहून सकाळच्या फेरीने दिघीला. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं, सुटे पैसे ठेवा आणि परतीची शेवटची फेरी कितीला ते जातानाच विचारून घ्या. पुढे बोर्ली, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. समुद्राच्या कडेचा हा रस्ता इतका देखणा आहे की आमचं भांडण दोनदा आपोआप थांबलं. हरिहरेश्वरला दर्शन घेतलं आणि एका घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक खाल्ले. सांगून ठेवलं नाही तर मिळत नाहीत.

बागमांडल्याचे नझीरभाई पर्यटकांना खाडीत फिरवतात. त्यांची बोट सपाट बुडाची, दिसायला अगदी परातीसारखी. मी मुद्दाम कडेवर उभी राहिले. जेमतेम हलली. पाणी वीतभर असलं तरी चालते आणि चिखलात बसली तरी सरळ बसते. मी मनातल्या मनात आईंना त्यात बसवूनही टाकलं.

"आता खरी गोष्ट पण बघा," नझीरभाई म्हणाले आणि बोट मोकळ्या पाण्यात काढली. दुपार झाली होती, समुद्रावरून वारा सुटला होता. प्रत्येक लाटेवर बूड धाडकन आपटायला लागलं. माझे दात वाजले, प्रमोदचा चष्मा भिजला आणि मला आईंचा मणका आठवला.

"सकाळी पाणी काचेसारखं असतं, तेव्हा बिनधास्त जा," नझीरभाई ओरडून सांगत होते. "दुपारनंतर नाही. झूठ बोलून बोट विकली तर बरकत नाही येत."

म्हणजे कठीणच झालं. सपाट बोटीत आई नीट चढतील, पण सकाळी गेल्या तर भावाशी धड बोलून त्याच दिवशी परत येऊ शकणार नाहीत, कारण संध्याकाळपर्यंत वारा पडत नाही. टोकदार बोट संध्याकाळी सुखरूप परत आणेल, पण तिच्यात चढताना पडल्या तर? घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. रिबिटं मारून पत्रे जोडलेली बोट खाऱ्या पाण्यात कालांतराने पाझरते, वेल्डिंगची बरी. आणि नोंदणीचं आधी बंदर कार्यालयात विचारून घ्या. हे सगळं आम्ही दोघांनी परतीच्या फेरीत, चहा पीत, एकमेकांवर आवाज चढवून पुन्हा पुन्हा उगाळलं.

घरी

रात्रीच्या जेवणाला प्रमोदने मोबाइलवर दोन्ही बोटी आईंना दाखवल्या. धक्का, कठडा, सगळं समजावलं. मग म्हणाला, "आई, सपाट बोट तशी चांगली, पण तिच्यात मोठा दोष आहे. सकाळी गेलीस की त्या दिवशी परत येता येणार नाही. रात्री तिथेच राहावं लागेल."

आईंनी भात कालवायचा थांबवला.

"राहावंच लागेल?"

"हो ना. दुपारी वारा सुटतो."

"मग तीच घे," आई म्हणाल्या.

प्रमोदला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

"कळलं मला," आई म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी माहेरी कधी रात्रीची राहिले नाही. सकाळी जायचं, संध्याकाळच्या होडीने परत. गोठ्यात गुरं, वाडीचं शिंपणं, घरात मामंजी. कुणी नको म्हणालं नाही हो. पण राहा असंही कुणी म्हणालं नाही. अण्णा दिवेलागणीला बोलायला लागायचा आणि मी होडीत असायचे."

प्रमोदने मोबाइल पालथा ठेवला. मला इतकी लाज वाटली की मी उगाच आमटी वाढायला उठले. या घरात मीही तीस वर्षं आहे.

नझीरभाईंची बोट टेम्पोतून आली. पहिल्या फेरीला आईंनी स्वतः बोटीत पाय टाकला, बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. पिशवी एका रात्रीच्या मानाने बरीच फुगलेली होती. पाणी खरंच काचेसारखं होतं. पलीकडे मामांची सून वाट बघत उभी होती. आत मामा उशीला टेकून बसलेले. आईंना बघून ते काहीतरी बोलले. आम्हाला एक अक्षर समजलं नाही, पण आई हसून म्हणाल्या, "हो रे, जाडी झालेय!" आम्ही वारा सुटायच्या आत परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेलो. नारळाची झावळी हलत नव्हती. आई काठावर आल्या, हात कपाळाशी धरून पाण्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आज वारा आहे रे. नको निघायला."

प्रमोदने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. "आहे खरा," तो म्हणाला आणि आम्ही रिकामी बोट घेऊन घरी आलो.

आता आठवडा होत आला. प्रमोद रोज सकाळी खाडीवर जाऊन पाणी बघून येतो आणि आईंना फोन लावतो. आमच्या बाजूला पाणी शांत असतं. तिकडे रोज वारा असतो.