कळशीतलं मचूळ पाणी

गेलं वर्षभर मी इथले अनुभव नुसते वाचतोय, लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर निम्मे अनुभव वाचून हसलोच आहे. मी डिप्लोमा केलेला माणूस, भोसरीला कंपनीत मशीन चालवण्यात उमर गेली. भूत, देव, नवस यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आजही पटतं असं म्हणवत नाही. पण माझ्या अनुभवात भीतीदायक काहीच नाही... आहे ती फक्त लाज. म्हणून तर लिहायला इतका उशीर झाला.

आमचं गाव पिंपळवंडी, तालुका जुन्नर. १९९८ साली आषाढात माझा थोरला भाऊ मोटर काढताना विहिरीत पडला. कमरेचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, पण पाय हलेना. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर वाट बघू." दादाला दोन लहान मुली, शेत सगळं त्याच्यावर. आईनं दवाखान्यातच नवस बोलला — आपल्या विहिरीचं पाणी भीमाशंकराला चालत नेऊन वाहीन, पण माझ्या लेकाला पायावर उभं कर.

आईचे गुडघे गेलेले, शिवाय ती दादाजवळ बसून. म्हणून पाणी न्यायचं मी आणि मामानं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, ओतूरचा. साठी ओलांडलेला, काटक, थट्टेखोर माणूस.

आमच्याकडे या पाण्याचे नियम कडक. तांब्याची कळशी भरायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि अनवाणी निघायचं. वाटेत कळशी जमिनीला टेकवायची नाही. मुक्कामाला शिंक्यात घालून तुळईला टांगायची. आणि पाणी सांडलं, तर तिथूनच माघारी फिरायचं. पुन्हा विहिरीवर यायचं, पुन्हा पहिल्यापासून चालायचं.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. बाहेरच्या माणसाला घोटभरही जात नाही. पाहुणे आले की आई शेजारच्या मळ्यातून पाणी आणायची. मी निघताना म्हणालोसुद्धा, "देवाला तरी गोडं पाणी न्या की!"

मामा म्हणाला, "देवाला काय आपन पावनं म्हनून पानी देतुया व्हय? घरचं हाय ते द्यायचं."

श्रावणातल्या एका शनिवारी निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिंभ्याला धरणाशी पोचलो. माझ्या तळव्यांची चाळण झाली होती. मामा आपला मजेत — "राव, कंपनीत बूट घालून घालून पाय लोन्यागत झाल्यात तुझं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी पोखरीचा घाट चढायला लागलो. धुकं होतं, बारीक पाऊस. अर्ध्या घाटात मामाच्या पायात काटा मोडला. त्यानं कळशी माझ्या खांद्यावर दिली आणि कठड्यावर बसला. "तू हो म्होरं, आलोच मी."

मी दोन वळणं पुढं गेलो. खांदा सोलवटला होता म्हणून कळशी खाली घेऊन गळ्याला धरून चालत होतो. तशी धरायची नसते हे मला माहीत होतं. शेवाळावरून पाय सटकला... कळशी दगडावर आपटली, फडकं निघालं, आणि पाणी भळाभळा उताराला लागलं. उचलली तेव्हा आत थेंब नव्हता.

मला साहेबांनी चारच दिवस सुट्टी दिली होती. माघारी फिरायचं म्हणजे पुन्हा तीन दिवस. त्या क्षणी माझ्या डोक्यात दादा आला नाही, आई आली नाही. सुट्टी आली. हे मी आज कबूल करतोय.

घाटाच्या कडेला ओढ्याचं पाणी कोसळत होतं. कळशी खाली धरली, भरली, फडकं आवळून बांधलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मनाशी म्हटलं, मी कुठं हे मानतो? पाण्यासारखं पाणी. मग दोन ओंजळी ओढ्याचं पाणी प्यालो. गोड, बर्फासारखं गार. ही चव मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा.

मामा लंगडत आला. म्हणाला, "आन हिकडं, आता माजी पाळी." कळशी त्याच्या खांद्यावर देताना मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ते खोटं पाणी त्या म्हाताऱ्यानं उरलेला घाट चढून तळेघरपर्यंत आणि तिथून पुढं जंगलातून देवळापर्यंत वाहिलं. मी "द्या मामा" म्हणालो की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे."

दुपार टळल्यावर पायऱ्या उतरून देवळात गेलो. श्रावणाची गर्दी. मामानं फडकं सोडलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पिंडीवर धार धरली. थोडं पाणी कळशीत राखायचं असतं, घरच्यांना तीर्थ म्हणून. बाहेर येऊन मामानं त्यातलंच माझ्या ओंजळीत घातलं.

मी प्यालो. पाणी मचूळ होतं.

भास नाही. लहानपणापासून तेच पाणी पीत आलोय, ती चव मी झोपेतही ओळखीन. मामा प्याला आणि जागीच थांबला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मचूळ हाय." एवढंच. परतीच्या यष्टीत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

तीर्थ दवाखान्यात नेलं. आईनं दादाच्या तोंडात घातलं, स्वतः घेतलं आणि डोळे पुसत म्हणाली, "आपल्याच हिरीचं पानी!" दिवाळीपर्यंत दादा काठी घेऊन चालायला लागला. थोडा लंगडतो. डॉक्टर म्हणाले होते, इतकं राहणारच. पण त्याच्या काठीचा आवाज आला की मी आजही मान वर करत नाही.

कारण शोधायचा प्रयत्न मी केला. तीच कळशी आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरून तीन दिवस ठेवली, ओतली, गोडं पाणी भरलं, दिवसभरानं प्यालो. गोडच लागलं. तीनदा करून बघितलं. पुढच्या श्रावणात त्याच ओढ्यावर जाऊन पाणी प्यालो. तेही गोडच.

नऊ वर्षांनी, २००७ मध्ये, ओतूरला मामाकडे गेलो होतो. तो कांदा साठवायच्या चाळीपुढं बसून कांद्याच्या पाती कापत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी एका दमात म्हणालो, "मामा, घाटात कळशी माझ्या हातनं सांडली होती. ओढ्याचं पाणी भरलं मी."

त्याचा विळा थांबला नाही. "ठावं हाय."

"कसं?"

"आरं, तुला दिली तवा फडक्यातनं झिरपून झिरपून पानी गळ्याच्या लई खाली गेलं व्हतं, डुचमळायचं. तू परत दिली तवा काठोकाठ! चढावर पानी वाढतंय व्हय रं कुठं?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हनलं, सांगंल. तळेघरात च्या पिताना सांगंल, पायऱ्या उतरताना सांगंल. पार पिंडीपतुर वाट बघितली राव. मग देवाला म्याच सांगितलं, हे वड्याचं हाय, पोराची चूक पदरात घे."

"मग ते मचूळ कसं लागलं?"

आता त्यानं विळा खाली ठेवला. "त्ये मला इचारू नगस. माज्याजवळ दुसरं पानी नव्हतं, तुज्या आईची आन. म्या आजपतुर कुनाला बोललो न्हाय."

पुढच्या वर्षी मामा गेला.

आई आता थकलीय, पण दर श्रावणात आल्यागेल्याला सांगते, माझ्या धाकट्यानं पाणी वाहिलं म्हणून थोरला उभा राहिला. मी तिथंच बसलेला असतो. एकदाही तोंड उघडलेलं नाही. तुमच्यासारख्या अनोळखी लोकांना सांगतोय, तिला सांगता येत नाही.

पाण्याचं काय झालं, ते मला कळलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा. पण रात्रंदिवस छळतं ते वेगळंच. त्या दिवशी प्रत्येक वळणावर मामा थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा. आणि मी दर वेळी विचारायचो, "काय मामा, दमलात का?"